गोळीचा असर किती दिवस

आरोपी क्रमांक १ (अन्य आरोपी नाहीत). नाव: सौ. मंजुषा सांडू तुपे. वय छत्तीस. राहणार फुलंब्री, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. धंदा घरकाम. उंची पाच फूट एक इंच, बांधा सडपातळ, वर्ण सावळा. ओळखीची खूण: डाव्या हाताच्या तर्जनीच्या टोकावर बारीक जुने व्रण. पूर्वीचे गुन्हे निरंक. व्यसन निरंक. मयताशी नाते: पत्नी.

दोषारोपपत्राच्या दुसऱ्या पानावरच्या ह्या वर्णनात दोन चुका आहेत. पहिली 'सौ.'ची. ज्या माणसाच्या मरणाबद्दल एवढे कागद जमवले, तो माणूस गेला की बाईच्या नावामागचं हे अक्षरही जातं, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. दुसरी चूक धंद्याची. मंजुषा सोळा वर्षं रोज सकाळी फुलंब्रीहून बसनं शहरात येत होती आणि औरंगपुऱ्यातल्या एका गणवेशाच्या दुकानात काज-बटणं करत होती. जिल्ह्यातली निम्मी शाळकरी पोरं तिनं लावलेल्या बटणांवर मोठी झाली. बोटावरचे व्रण त्या सुयांचे. पण बाईचा धंदा घरकाम लिहायचा ही ठाण्यातली जुनी रीत आहे आणि रीत मोडायला सबळ कारण लागतं. बाकीचं वर्णन बरोबर आहे.

नवऱ्याला सांडू हे नाव आजोबांकडून मिळालं होतं. त्याच्या पिढीत असलं नाव कुणी ठेवत नव्हतं, म्हणून शाळेत पोरं चिडवायची, आणि तो मारायच्या ऐवजी रडायचा. पुढं दारू प्यायला लागला तरी हा स्वभाव बदलला नाही. चढली की बायकोला हात लावायचा नाही, ओट्यावर बसून मेलेल्या बैलांची नावं घेत रडायचा. गल्लीतल्या बायका मंजुषाला म्हणायच्या, तुझं बरंय बाई, आमचा तर कालवणाची भांडी फेकतो. मंजुषाला त्यात बरं काय ते कधी सापडलं नाही. सांडू शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामगारांची बस चालवायचा. एका सकाळी त्याच्या तोंडाला वास आला आणि काम गेलं. प्यायलेला ड्रायव्हर रडणारा आहे की फेकणारा, हे कंपनी बघत नाही.

गणवेशाच्या दुकानाला लागून केशवरावांचं मेडिकल. शेजार सोळा वर्षांचा. मंजुषा तिथं पाण्याची बाटली भरून घ्यायची आणि केशवरावांची हिमानी पहिलीत गेली तेव्हापासून दहावी होईपर्यंत तिच्या गणवेशाची सुटलेली बटणं मंजुषानंच लावली होती. केशवराव तिला 'ताई' म्हणत. एक दिवस तिचे डोळे पाहून त्यांनी आपणहून विचारलं, तिनं सांगितलं, आणि त्यांनी खालच्या खणातून एक पट्टी काढली.

"रोज सकाळी अर्धी. ही पोटात असताना प्यायले, की त्रास होतो. तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते. दोनदा झालं की माणूस स्वतःहून सोडतो."

"त्यांना सांगायचं का?"

"खरं तर सांगूनच द्यायची असते," केशवराव खण लावत म्हणाले. "पण सांगून कोण घेतं?"

चिठ्ठी नव्हती, बिल नव्हतं, आणि ते दोघांनाही खटकलं नाही.

अर्धी गोळी लाटण्यानं कुटायची आणि सांडूच्या ताटातल्या शेंगदाण्याच्या चटणीत मिसळायची. भुकटीत भुकटी. सासू साळूबाई शेजारच्या पाटावर बसायच्या, लेक सायली दप्तर भरत असायची, आणि त्यांच्यासमोर, त्यांना न कळता, हे रोज व्हायचं. पाचव्या दिवशी सांडू पिऊन आला आणि ओट्यावर ओकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा. ह्या वेळी तोंड टोमॅटोसारखं झालं आणि छातीवर हात दाबून तो बायकोला म्हणाला, "मंजू, माझं काळीज सुटाया लागलंय." तिनं त्याच्या कपाळावर ओला फडका ठेवला. ती मनात घाबरली होती आणि खूशही होती. पुढच्या सगळ्या काळात तिला जी एक गोष्ट कुणाला सांगता आली नाही, ती ही खुशी.

त्यानंतर सांडू सात महिने प्यायला नाही. पट्टी संपली की मंजुषा केशवरावांकडून दुसरी आणायची. दुसऱ्या एका ठेकेदाराकडं बस मिळाली. गाल भरले. चटणी बोटानं चाटून म्हणायचा, तुझ्यासारखी चटणी आमच्या भावकीत कुणाला जमत नाय. माघात त्याची थोरली बहीण अजिंठ्याहून आली, तिच्या लेकीच्या, संस्कृतीच्या लग्नाचं आवतण द्यायला. चहा घेताना म्हणाली, "लई सुधारलास रं. कुठला बुवा केला?"

सांडू पाठ सरळ करून बसला. "बुवा नाय, माळ नाय, गोळी नाय. मनानं सोडली."

हे बोलताना त्यानं बायकोकडं पाहिलं. शाबासकीसाठी पाहिलं असावं. मंजुषाच्या हातात चहाची किटली होती. तिला वाटलं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल काही चांगलं बोलतोय आणि ते खोटं आहे, आणि खोटं मी केलंय. दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळी बंद केली. तो म्हणतोय ते खरं व्हावं म्हणून. पट्टी टाकली नाही, डाळीच्या डब्यात ठेवली. टाकून द्यायची सवय त्या घरात कशाचीच नव्हती.

केशवरावांना मात्र तिनं विचारून घेतलं. "बंद केली तर असर किती दिवस राहतो?"

ते एका गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली देत होते. "आठेक दिवसांत निघून जातं सगळं."

संस्कृतीची हळद गोळी बंद केल्यापासून अकराव्या दिवशी होती.

मुलीचा मामा म्हणजे आमच्याकडं हळदीचा निम्मा मालक. त्याचा आहेर, त्याचा फेटा, मांडवात पहिली खुर्ची त्याची. दोन मामा होते. थोरले तात्यासाहेब, धाकटा सांडू. संध्याकाळी मांडवामागं बाटल्या निघाल्या तेव्हा सांडू आधी नको म्हणाला. तात्यासाहेब म्हणाले, "भाचीची हळद हाय, आन मामा कोरडा? व्याही काय म्हणतील?" ग्लास तात्यासाहेबांनीच भरला. हे पुढं त्यांनी दिलेल्या फिर्यादीत आलेलं नाही.

दुसऱ्या ग्लासाला सांडूचं तोंड लाल झालं. आधीच हळद लागलेली, त्यामुळं रंग कुणाच्या लक्षात आला नाही. मामाला चढली म्हणून वऱ्हाड हसलं. मग तो ओकला, मग खाली बसला, मग बोलवल्यावर उठला नाही. गाडीत घालून शहरात आणेपर्यंत संपला होता. मंजुषा गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन दिवस मोजत होती. आठाच्या वर तीन. आठाच्या वर तीन.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, ह्यांना काही औषध चालू होतं का. घरचे सगळे नाही म्हणाले. मंजुषा म्हणाली, "व्हय. दारू सोडायची गोळी. मी चटणीत देत होते. अकरा दिवसांमागं बंद केली."

ही सबंध खटल्यातली सगळ्यात खरी साक्ष, आणि तीच तिच्या विरोधात गेली. पोलिसांना तिनं हेच नंतर तीनदा सांगितलं, पण पोलिसांपुढं दिलेली कबुली कायद्याला चालत नाही. डॉक्टरांना सहज सांगितलेलं चालतं. तिनं डॉक्टरांना खोटं आणि पोलिसांना खरं सांगितलं असतं तर खटला उभाच राहिला नसता, असं तिच्या वकिलीणबाई पुढं हळहळून म्हणाल्या. गुन्हा लागला सदोष मनुष्यवधाचा. हर्सूलच्या तुरुंगात बेचाळीस दिवस गेले. मग जामीन झाला.

ती घरी आली तेव्हा परसात विटांची नवी चूल मांडलेली होती. साळूबाई तिच्यापुढं बसून एका माणसाची भाकरी थापत होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"माझं माझं करून खाते," साळूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "माझं पोरगं दारूनं गेलं आसंल तर मी त्याला शिव्या घालीन, आन तुझ्या हातचं खाईन. गोळीनं गेलं आसंल तर नाय. मला ठावं नाय. कोर्टात डाक्टर शपथ घेऊन सांगंल तवा कळंल. तवर ऱ्हाऊ दे."

"घरातनं जाऊ का मी?"

"कुठं जातीस? पोरीला कोण बघंल?"

अशी दीड वर्षं गेली. एक छप्पर, दोन चुली. सायली दोन्हीकडं जेवायची आणि शाळेच्या डब्यात एकीची भाजी, एकीची भाकरी न्यायची. मंजुषा कामावर जात होती, दुकानमालकानं काढलं नव्हतं. केशवरावांच्या मेडिकलात आता पाण्याची बाटली भरत नव्हती. तारखेच्या दिवशी सासू-सून एकाच बसनं निघत, साळूबाईंना गुडघ्यामुळं चढवत नसे म्हणून मंजुषा त्यांना हात देई, आणि अदालत रोडला कोर्टात शिरलं की साळूबाई फिर्यादीच्या बाकावर जाऊन बसत, कारण त्या सरकारी साक्षीदार होत्या. तात्यासाहेबांना ह्याचा फार राग. "आई, तू तिच्यासंग येतीस आन माझ्यासंग बसतीस, लोक काय म्हणत्याल?" साळूबाई म्हणाल्या, "तू तुझ्या गाडीत मला कवा बसीवलंस?"

केशवरावांची साक्ष झाली. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. ह्या बाईंना ओळखता का? "दुकानात दिवसाला दोनशे माणसं येतात. चेहरा लक्षात नाही." चिठ्ठीशिवाय अशी गोळी दिली होती का? "आम्ही चिठ्ठीशिवाय काहीही देत नाही." त्यांनी पिंजऱ्याकडं पाहिलं नाही. मंजुषा त्यांच्या सदऱ्याकडं पाहत होती. वरून तिसरं बटण उलट्या टाक्यानं लावलेलं होतं, घरी कुणीतरी लावलं असावं. तिला राग यायला हवा होता. तिच्या मनात आलं ते एवढंच, की हिमानी आता कॉलेजात असेल.

मंजुषाचं वकीलपत्र मोफत कायदा सहाय्यातून ॲडव्होकेट पद्मजा यांच्याकडं आलं होतं. मोफतच्या कामात कमी जीव घालायचा असतो हे पद्मजाताईंना कुणी शिकवलं नव्हतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीच्या दिवशी सकाळी त्या कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेत कागद चाळत होत्या. मंजुषा समोर उभी.

"मॅडम, डॉक्टरांना एक विचाराल का?"

"काय?"

"गोळी बंद केल्यावर असर किती दिवस राहतो."

पद्मजाताईंनी कप खाली ठेवला. "मी विचारणार नाही. सरकारी वकिलांनी विचारलं तर विचारू देणार नाही."

"मला कळायचंय."

"मंजुषाताई, ऐका. व्हिसेराच्या, म्हणजे पोटातल्या अवयवांच्या तपासणीच्या अहवालात दारू सापडली, दुसरं काहीही सापडलं नाही. जप्त झालेल्या पट्टीवरचं नाव गोळ्यांबरोबर कापलं गेलंय. ती विकली कुणी, माहीत नाही. हृदयाची एक नळी अरुंद होती असं शवविच्छेदनात आहे. एवढ्यावर तुम्ही सुटता. आता एखादा तज्ज्ञ उभा राहून दिवसांचा आकडा बोलला, आणि तो आकडा अकराच्या पुढचा निघाला, की संपलं. तुम्हाला काय कळायचंय ते सुटल्यावर कळवून घ्या. आज कोर्टाला कळता कामा नये."

"तुमाला ठावं हाय का?"

"मी वकील आहे," पद्मजाताई म्हणाल्या. "मला जे लागत नाही ते मी शोधत नाही."

सायलीनं फोनवर शोधून पाहिलं होतं. एका ठिकाणी आठवडा लिहिलेला, दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही, तिसऱ्या ठिकाणी 'घरच्यांच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात आणि हसणारं कुटुंब. मंजुषानं फोन उलटा ठेवून दिला होता. आठ दिवस एकदा ऐकले होते तिनं. आता शपथेवर बोलणारा माणूस हवा होता.

डॉक्टर मिहीर तिशीतले, चष्म्याची काडी टेपनं चिकटवलेली. साक्षीला वेळेवर आले, याचंच दालनात थोडं आश्चर्य होतं. सरकारी वकिलांनी सावकाश वाट बांधली. डायसल्फिराम नावाचं औषध माहीत आहे का? हो. ते पोटात असताना दारू घेतली तर काय होतं? डॉक्टरांनी सांगितलं: चेहरा लाल होतो, उलट्या, छाती धडधडते, क्वचित मृत्यू. मंजुषा पिंजऱ्याचा कठडा धरून ऐकत होती. केशवरावांनी सांगितलेली यादीच होती ती, शेवटचा शब्द सोडून.

"आता समजा, गोळी बंद केली," सरकारी वकील म्हणाले. "त्यानंतर तिचा परिणाम शरीरात किती दिवस राहतो?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं.

"आक्षेप," पद्मजाताई उभ्या राहिल्या.

एरवी असा आक्षेप टिपून घेतात, उत्तर येऊ देतात आणि त्याचं काय करायचं ते निकालाच्या वेळी ठरवतात. ह्या न्यायाधीशांना कामं शेवटासाठी साठवायची सवय नव्हती. ते म्हणाले, "बोला."

पद्मजाताई बोलल्या. तज्ज्ञाचं मत कलम पंचेचाळीसखाली घेतलं जातं. "एकोणचाळीस," न्यायाधीशांनी दुरुस्त केलं, "कायदा बदललाय." एकोणचाळीस, पद्मजाताई म्हणाल्या, आणि तज्ज्ञ म्हणजे त्या विषयात खास कसब असलेला. डॉक्टर शवविच्छेदनातले तज्ज्ञ आहेत, औषध शरीरात किती काळ राहतं हा वेगळा विषय. त्यांच्या अहवालात ह्याबद्दल एक ओळ नाही. व्हिसेरात गोळीचा मागमूस नाही. जे सापडलं नाही, त्याचा परिणाम किती दिवस राहतो हे मत उभं कशावर राहणार?

न्यायाधीश साक्षीदाराकडं वळले. "डॉक्टर, हे औषध घेणारा रुग्ण तुम्ही कधी तपासलाय?"

"जिवंत नाही."

"मग तुमचं मत कशावर?"

"पुस्तकांवर. हे पाठ्यपुस्तकातच असतं, साहेब."

"पुस्तक आणलंय?"

"नाही."

"दाखल केलंय?" हे सरकारी वकिलांना. त्यांनी फाइल चाळली. चाळून सापडेल अशी ती गोष्ट नव्हती.

दालनात पंचवीस माणसं होती. दोघींनाच त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. एक फिर्यादीच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती, दुसरी पिंजऱ्यात उभी होती, आणि उत्तर थांबवलं जात होतं ते पिंजऱ्यातलीच्या भल्यासाठी.

"साहेब," मंजुषा म्हणाली. "सांगू द्या ना त्यांना."

टंकलेखकाचे हात थांबले. पद्मजाताई वळल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग म्हणावं असंच होतं.

"आरोपीनं वकिलामार्फत बोलावं," न्यायाधीश म्हणाले. आवाज कठोर नव्हता. चष्म्यावरून त्यांनी जरा वेळ तिच्याकडं पाहिलं, असं साळूबाई पुढं सांगायच्या. मग ते टंकलेखकाला म्हणाले, "घ्या. प्रश्न नामंजूर."

सरकारी वकिलांनी मग विचारलं की मृत्यूत औषधाचा वाटा असू शकतो का. डॉक्टर म्हणाले, शक्यता नाकारता येत नाही. पद्मजाताईंनी विचारलं, आणि नुसत्या दारूनं आणि अरुंद नळीनं मृत्यू होण्याची शक्यता? डॉक्टर म्हणाले, तीही नाकारता येत नाही. हे असं दोन्ही बाजूंना सारखं उपयोगी पडल्यावर त्यांना मोकळं करण्यात आलं.

परतीच्या बसमध्ये साळूबाईंनी विचारलं, "त्यानं तोंड उघडलं हुतं ना?"

"व्हय."

"मग तुझ्याच वकिलीणीनं का मिटीवलं?"

सावंगी गेलं, चौका गेलं, साळूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या दिवशी परसातली चूल पेटली नाही. कुणीच जेवलं नाही.

निकाल तीन महिन्यांनी लागला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. तात्यासाहेब जिना उतरून गेले. साळूबाई पद्मजाताईंपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हणले साहेब?"

"सुटल्या, आजी."

"म्हणजी गोळीनं नाय गेला?"

"तसं सिद्ध झालं नाही."

"तेच की," साळूबाई म्हणाल्या.

पद्मजाताईंनी काहीतरी बोलायला हात उचलला आणि पुन्हा फाइलवर ठेवला. सिद्ध न होणं आणि न घडणं ह्यांतला फरक सांगायला त्यांना पाच वर्षांचं शिक्षण लागलं होतं, आणि म्हातारीची बस पाच मिनिटांवर होती.

घरी आल्यावर साळूबाईंनी परसातल्या चुलीच्या विटा एकेक करून कुंपणाशी नेऊन ठेवल्या. सायली मदतीला गेली तर तिला हाकललं. मग हात धुऊन स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. "माझ्या बी दोन भाकरी टाक."

मंजुषानं भाकरी टाकल्या. वांग्याचं कालवण वाढलं. साळूबाईंनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या जेवत होत्या.

"शिव्या घालायच्या हुत्या त्याला," म्हणाल्या. "दीड वर्ष राखून ठिवल्या. आता कशा तोंडातून येत नाय बघ." मग ताटातली जागा बोटानं दाखवली. "उद्या चटणी कर. शेंगदाण्याची. लई दिस झालं."

मंजुषानं दुसऱ्या दिवशी शेंगदाणे भाजले, कुटले, वाढले. साळूबाईंनी बोटानं चाटून पाहिली आणि बरी झालीय म्हणाल्या. मंजुषा समोर बसून त्यांच्याकडं बघत होती. म्हातारी कोर्टानं न सांगितलेल्या गोष्टीच्या भरवशावर जेवत होती. ताटात काय वाढलंय हे खाणाऱ्याला ठाऊक नाही आणि वाढणारी गप्प आहे, हे ह्या घरात दुसऱ्यांदा चाललं होतं. फरक एवढाच की ह्या वेळी वाढणारीलाही ठाऊक नव्हतं. हे असं नऊ दिवस चाललं.

दहाव्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली, पद्मजाताईंकडून निकालाची नक्कल आणली, आणि सरकारी दवाखान्यात विचारत विचारत डॉक्टर मिहीर बसायचे त्या खोलीपर्यंत पोचली. ते जेवणाचा डबा उघडून एका हातानं कसलासा फॉर्म भरत होते. तिला त्यांनी ओळखलं. उभे राहिले.

"तुम्ही सुटलात ना?"

"व्हय."

"मग आता?"

"तुमाला तवा बोलू दिलं नाय."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "ताई, खटला संपला. आता त्या उत्तराचा कुणाला काही उपयोग नाही."

"म्हणूनच आले."

"हे बघा, त्यांच्या हृदयाची एक नळी बरीच अरुंद होती. त्यानंही..."

"ते तुमी कोर्टात सांगितलंय," मंजुषा म्हणाली. "न सांगितलेलं सांगा."

"मी काय बोललो हे कुठं सांगू नका."

"कुणाला सांगणार? लिहून घेणारं कोण हाय हितं?"

डॉक्टर खुर्चीत बसले. समोरची खुर्ची त्यांनी तिच्याकडं सरकवली, पण ती बसली नाही. तिनं पिशवीतून नक्कल काढली आणि सव्विसाव्या परिच्छेदाचं पान उघडून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी तो वाचला. 'सदर औषधाचे सेवन थांबविल्यानंतर त्याचा परिणाम मानवी शरीरात किती दिवस टिकतो, याबाबत कोणताही ग्राह्य पुरावा अभिलेखावर आलेला नाही. सबब सदर प्रश्न अनुत्तरित राहतो व त्याचा लाभ आरोपीस देणे क्रमप्राप्त आहे.' त्यांनी तो बहुधा दोनदा वाचला, कारण एवढ्या मजकुराला इतका वेळ लागत नाही. मग नकलेची घडी घालून ती तिच्या हातात दिली.

"चौदा दिवसांपर्यंत राहतो," ते म्हणाले.